ज्याच्याकडे सगळं आहे, त्या पोराला द्यायचं तरी काय?

भाचीचा तिसरा वाढदिवस झाला, त्या रात्री मी दादाकडेच राहिले होते. सकाळी चहा घेताना हॉलमधल्या ढिगातल्या भेटी मोजल्या. 27 होत्या. त्यात डॉक्टर सेट चार, स्वयंपाकघराचे सेट दोन, आणि हुबेहूब सारखे डायनासोर दोन. वहिनीने डॉक्टर सेटपैकी तीन न फोडताच माळ्यावर टाकले, पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाला होतील म्हणून. भाची मात्र एका खोक्यावरची लाल साटिनची रिबीन घेऊन घरभर हिंडत होती. दाराच्या कडीला बांध, खुर्चीच्या पायाला बांध, आजोबांच्या काठीला बांध. पुढचे चार दिवस तिला तेवढं एकच काम होतं.

त्या 27 भेटींत माझीही एक होती: सायरन वाजवत पळणारी पोलिसांची गाडी. तिसऱ्या दिवशी वहिनीने गाडीच्या पोटाखालच्या स्पीकरवर सेलोटेपच्या चार पट्ट्या चिकटवल्या आणि मला फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, आता बरी वाटते."

तेव्हापासून मी भेटींच्या बाबतीत जरा विचार करायला लागले. हा लेख सहा वर्षांखालच्या मुलांच्या आत्या, मावश्या, काका, मामा, आजी-आजोबा आणि शेजाऱ्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांना रिकाम्या हाताने जाववत नाही अशा सगळ्यांसाठी. माझं म्हणणं एवढंच की भेट संपणारी असावी. रंगवून संपेल, खाऊन संपेल, उगवून कापली जाईल, जाऊन पाहून येता येईल अशी. न संपणारी द्यायचीच असेल, तर घरात आधीच असलेल्या एखाद्या वस्तूला जोडली जाणारी द्यावी. आता हे जमवायचं कसं ते सांगते.

आधी फोन, पण "काय आणू?" असं विचारायचं नाही

"काय आणू?" या प्रश्नाला मराठी घरात एकच उत्तर असतं. "काही नको हो, तुम्ही या फक्त." हे उत्तर खरं धरलं तर आपण अवघडतो, आणि खोटं धरलं तर पाचवा डॉक्टर सेट घेऊन जातो. म्हणून प्रश्नच बदलायचा. मी तीन गोष्टी विचारते. सध्या दिवसभर त्याचं काय चाललेलं असतं? घरात कशाचा उबग आलाय? आणि संपत आलेलं असं काय आहे?

तिसऱ्या प्रश्नातून सगळ्यात जास्त मिळतं. गेल्या वर्षी वहिनीशी झालेलं बोलणं साधारण असं होतं:

"संपत आलेलं? अहो ताई, खडू संपलेत. म्हणजे आहेत, पण सगळे एवढे एवढे तुकडे. काळा तर नाहीच."

"काळाच का संपला?"

"ती सगळ्यांचे केस काढते ना. आणि माझं लाटणं घेऊन पळते. पोळ्यांच्या वेळी रोज रडारड."

भेट ठरली. जाडे खडू, त्यात काळे चार जादा, आणि एक लहान पोळपाट-लाटणं. भातुकलीतलं नाही हं, तिच्या हाताला बसेल असं, पण खरी पोळी लाटता येईल असं लाकडी. लाटणं आजही रोज वापरात आहे. खडू दोन महिन्यांत संपले, म्हणजे पुढच्या भेटीची सोय आपोआप झाली.

फोन आईलाच करायला हवा असं नाही. दिवसभर मुलाबरोबर जो असतो त्याला विचारा. आजी असेल, घरी सांभाळायला येणाऱ्या मावशी असतील, पाळणाघरातल्या ताई असतील. मूल खरोखर कशात रमतं हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आईवडिलांना पुष्कळदा ते कशात रमायला हवं तेच माहीत असतं.

त्यांच्या घरी जाणं होत असेल तर खेळण्यांची टोपली एकदा नीट बघा. वर काय आहे, जमिनीवर काय आहे, तळाशी काय दबलंय. टोपलीतल्या सत्तर वस्तूंपैकी पाच-सातच फिरत्या असतात. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. दीड ते अडीच वर्षांच्या 36 मुलांना एकदा 4 खेळण्यांबरोबर आणि एकदा 16 खेळण्यांबरोबर खेळायला सोडलं. चारच खेळणी होती तेव्हा मुलं एकेका खेळण्यापाशी जास्त वेळ थांबली आणि त्याच्याशी जास्त तऱ्हांनी खेळली. अभ्यास लहान आहे, त्याच्यावर फार इमले चढवू नयेत. पण कुठल्याही घरातल्या आजीला विचारलंत तर ती हेच सांगेल.

दुकानात शिरण्याआधी

भेट देणारा पैसे एकदाच मोजतो. घेणाऱ्याचा खर्च नंतर चालूच राहतो: ती ठेवायची कुठे, गोळा कोण करणार, सेल कोण आणणार, आवाज कोण ऐकणार. दोन खोल्यांच्या घरात प्लॅस्टिकची घसरगुंडी पाठवणं म्हणजे त्या घरातली खुर्ची बाहेर काढायला लावणं आहे. शंभर तुकड्यांचा सेट दिलात तर रात्री साडेदहाला कुणीतरी सोफ्याखाली हात घालून ते तुकडे शोधत असतं. आवाजाबद्दल मी बोलायला नको.

मी स्वतःला एक गोष्ट विचारते: ही वस्तू माझ्या घरी सहा महिने ठेवायची झाली तर मी ठेवीन का? बहुतेक खोकी इथेच बाद होतात.

धोक्याचं थोडं, पण नीट

हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून लोक सोडून देतात. सोडू नका, विशेषतः मूल तीन वर्षांच्या आतलं असेल किंवा घरात तेवढं धाकटं भावंड असेल तर. पाच वर्षांच्या ताईसाठी दिलेले मणी दीड वर्षाच्या भावाच्याच तोंडात जायचे.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यातला तुकडा लहान आहे की नाही हे बघायला प्रयोगशाळेत एक नळकांडं वापरतात. त्याचा व्यास 31.7 मिलीमीटर असतो. एखादा तुकडा न दाबता त्यात पूर्ण मावला, तर तो घशात अडकू शकतो असं धरतात. घरी अंदाजाला आपलं दहा रुपयांचं नाणं चालतं. त्याचा व्यास 27 मिलीमीटर आहे, त्याच्या भोवती आणखी दोन-अडीच मिलीमीटरची कड धरायची. सागरगोटे, चिंचोके, गोट्या, काचापाणीच्या काचा हे सगळं आपलं लाडकं असलं तरी या मापात बसतं आणि लहानग्यांच्या बाबतीत बाद होतं. जाता जाता सांगायचं म्हणजे, आहेराच्या पाकिटाला चिकटवलेला रुपयाही याच मापातला आहे. एक वर्षाच्या उत्सवमूर्तीच्या हातात ते पाकीट देऊन फोटो काढण्याची पद्धत मला दरवेळी धास्ती लावते. बोरन्हाणात डोक्यावरून ओततात त्या बोरांचं, हलव्याचं आणि शेंगांचं तेच. लूट मोठ्या मुलांना करू द्या, तान्हं आईच्या मांडीवर असू द्या.

बटनसारखे चपटे सेल असलेलं काहीही, म्हणजे गाणारं ग्रीटिंग कार्ड किंवा चमकणारी अंगठी, त्या वयाला देऊ नये. असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होऊ शकते. मुलाने तो गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता इस्पितळ गाठायचं. सेल असलेलं खेळणं घ्यायचंच असेल, तर सेलचं झाकण स्क्रूने बंद होणारं बघून घ्या. लहान, जोरदार लोहचुंबकाच्या गोळ्यांचंही तसंच आहे. दोन गिळल्या तर त्या आतड्याच्या दोन वेगळ्या वळशांतून एकमेकींना चिकटतात. पाण्यात टाकले की फुगणारे रंगीत मणी पोटात गेल्यावरही फुगतात. आणि फुगे! फुटलेल्या फुग्याचा तुकडा घशावर चपखल बसतो, म्हणून पार्टी संपली की आधी तेच वेचायचे.

आपल्याकडे 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. खोक्यावर ती खूण आणि तिच्याजवळ परवान्याचा क्रमांक असतो. बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये तो टाकून पाहता येतो. भेट ऑनलाइन मागवत असाल तर फोटोत खूण दिसते का एवढं तरी बघा. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना मात्र या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे लाकडी हस्तकलेच्या खेळण्यावर खूण नसली म्हणून ते लगेच वाईट ठरत नाही. तिथे विक्रेत्याला विचारायचं की रंग कुठला आहे, चाटला तर चालेल का, आणि कडा बोटाने चाचपून बघायच्या.

संपणाऱ्या भेटी

चित्रकलेचं सामान ही सगळ्यात सोपी भेट. पण लोक इथेही चुकतात. ते 150 नगांचा मोठा ब्रीफकेससारखा रंगसंच देतात, त्यात जलरंगाच्या टिकल्या, पातळ स्केचपेन आणि मोजपट्टी असते. तीन वर्षांच्या मुलाला त्यातलं निम्मं वापरता येत नाही. त्याला हवे असतात जाडे खडू आणि भरपूर कागद. कागद कुणीच देत नाही! मोठ्या मापाच्या, म्हणजे ए-थ्रीच्या, 500 कागदांचं रिम द्या. "एक कागद पुरव" असं ज्याला सारखं ऐकावं लागतं, त्याच्यासाठी ती चैन आहे. सोबत चिकटपट्टी, गोल टोकाची कात्री आणि खळ किंवा डिंक. फक्त चिकटपट्टीचे पाच रोल दिले तरी चालतात. चार वर्षांच्या पोराला स्वतःच्या मालकीची चिकटपट्टी मिळाली की काय होतं ते एकदा बघाच. वहिनीची सेलोटेप गाडीवर वाया जाणार नाही, हा आणखी एक फायदा.

मळायची माती विकत आणायची गरज नाही. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, चमचाभर तेल, खाण्याचा रंग आणि लागेल तसं पाणी घालून कणकेपेक्षा जरा घट्ट मळायचं. तीन रंगांचे तीन गोळे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत भरायचे. श्रीखंडाचे रिकामे डबे नसलेलं घर महाराष्ट्रात सापडायचं नाही. झाकण घट्ट असलं की आठ-दहा दिवस सहज टिकतं. भरपूर मीठ असल्यामुळे ते खायचं नाही, हे डब्यावर लिहून ठेवा. सोबत करंजीचं कातणं आणि शंकरपाळ्याची फिरकी दिलीत तर भेट पुरी झाली.

झाड उगवणं ही संपणारीही भेट आहे आणि उरणारीही. लहान कुंडी, मातीची पिशवी, हाताला पेलेल अशी झारी आणि बियांची पुडी द्या. बी कुठलं द्यायचं याला महत्त्व आहे. धणे देऊ नका. ते रगडून दोन फाकी करून पेरले तरी वर यायला आठवडा-दोन आठवडे घेतात, आणि तीन वर्षांच्या मुलासाठी दोन आठवडे म्हणजे युग. मेथी द्या. रात्री भिजवून पेरली की तीन-चार दिवसांत माना वर काढते. दोन आठवड्यांच्या आत बोटभर होते, मुंबईत छोट्या जुड्यांत मिळणाऱ्या समुद्रमेथीसारखी. ती कात्रीने कापायची, आमटीत टाकायची, आणि "मी पिकवलं" म्हणत मूल ती आमटी खातं. निदान पहिल्या दिवशी तरी.

दिवाळीच्या आसपास वाढदिवस असेल तर याच्यासारखं सुख नाही. किल्ला द्या! लाल मातीचं पोतं, दोन घमेली दगड, जुनं गोणपाट, अळिवाची पुडी, आणि तुमच्या दोन संध्याकाळी. अळीव दिवाळीआधी पाच-सहा दिवस फेकले की पहिल्या पहाटेपर्यंत डोंगर हिरवा होतो. मावळे नवे डझनभर आणू नका. सिंहासनावरचे महाराज दर वर्षी कापसात गुंडाळून ठेवलेले असतातच, त्यामुळे गेल्या वर्षी मान तुटलेला पहारेकरी तेवढा आणायचा. कुठला तुटलाय ते मुलाला अचूक आठवतं.

आता बाहेर नेण्याबद्दल, कारण माझ्या मते यापेक्षा मोठी भेट नाही आणि हिला सगळ्यात कमी पैसे लागतात. माझ्या बहिणीचा मुलगा रेल्वेवेडा. चार वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे रुळांचे तीन संच झाले होते आणि एकाचे रूळ दुसऱ्याला जुळत नव्हते. मी त्याला पुठ्ठ्याचं एक तिकीट करून दिलं. वर त्याचं नाव, खाली तीन चौकोन, आणि सोबत कागदाला भोक पाडायचं पंच मशीन. एका चौकोनाला एकदा स्टेशनवर जायचं, एवढाच करार. प्लॅटफॉर्म तिकीट 10 रुपयांना मिळतं आणि दोन तास चालतं. पाच वर्षांखालच्या मुलाला, वेगळी जागा नको असेल तर, रेल्वेत तिकीटच लागत नाही. आम्ही ठाण्याला बाकावर बसून राहायचो. मालगाडी आली की डबे मोजायचे. एकोणतीसपर्यंत तो नीट यायचा, मग म्हणायचा "वीस-दहा, वीस-अकरा". गाडी सत्तावन्न डब्यांची होती की वीस-सदतीस, यावर परतीच्या रिक्षेत आमचा वाद व्हायचा. घरी आल्यावर तिकिटाला भोक पाडायचं. त्या पंच मशीनने पुढे बहिणीच्या विजेच्या बिलालाही भोकं पडली, ते वेगळं.

अशा जागा गावोगाव आहेत. मुंबईत राणीची बाग, पुण्यात कात्रजचं प्राणिसंग्रहालय (दोन्ही बुधवारी बंद असतात, मुलाला आधी सांगून ठेवलं असेल तर हे लक्षात ठेवा). वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय. मुंबईत बेस्टच्या दुमजली बसमध्ये वरच्या मजल्यावरची अगदी पुढची जागा. आणि काहीच जवळ नसेल तर एसटी स्टँड, कुंभाराचं चाक, मंडई, नर्सरी, गोठा. सहा वर्षांखालच्या मुलाला गोठा प्राणिसंग्रहालयापेक्षा उणा वाटत नाही. उलट, तिथे हात लावता येतो.

एक पथ्य पाळायचं. तारीख ठरवूनच भेट द्यायची. "कधीतरी नेईन हं" ही भेट होत नाही. आणि दोन तासांच्या वर बेत आखायचा नाही. पाणी, खाऊ आणि कपड्यांचा एक जोड पिशवीत आपण घ्यायचा, आईला तयारीला लावायचं नाही. त्या दोन तासांत तिला डोळा लागला तर तीही भेटच.

पुस्तकं

पुस्तकं खेळण्यांइतकी कधी साठत नाहीत, आणि साठली तरी बोच नसते. दोन वर्षांच्या आत जाड पुठ्ठ्याच्या पानांची, कारण ती आधी चावली जाणार आहेत. पुढे एका पानावर एक-दोन वाक्यं आणि मोठं चित्र. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स यांची मराठी चित्रपुस्तकं चांगली असतात, आणि त्यातली बरीचशी शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळतात. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात एक दुपार काढा. विकत घेण्याआधी दुकानातच पुस्तक मोठ्याने वाचून बघा. जीभ अडखळली तर ते परत ठेवा, कारण ते रोज रात्री कुणालातरी वाचावं लागणार आहे.

मासिकाची वर्गणीही छान. चिकूपिकू लहानग्यांसाठी आहे. घरात मोठं भावंड असेल तर बालभारतीचं 'किशोर' आहे, 1971 पासून निघतं. अंक मुलाच्या नावाने मागवा. स्वतःच्या नावाचं पाकीट दारात आलं की पोरं अंक नंतर बघतात, आधी नाव बघतात.

घरात आहे त्याला जोड

ठोकळे भरपूर असतील तर आणखी ठोकळे नकोत, पण त्या ठोकळ्यांच्या शहराला चार लाकडी प्राणी किंवा निळ्या कापडाचा एक तुकडा, म्हणजे नदी, चालेल. बाहुली असेल तर तिला गोधडी शिवा. आजीच्या जुन्या साडीची शिवलीत तर मूल ती बाहुलीकडून काढून स्वतः घेईल. भातुकली असेल तर तिच्यात घालायला मूठभर पोहे आणि गुळाचा खडा, म्हणजे खराखुरा खाऊ. रुळांचा संच असेल तर आधी कंपनी आणि माप विचारा, नाहीतर आमच्यासारखे तीन संच होतात.

हे जमत नसेल तर जुनं दुरुस्त करून देणं हीसुद्धा भेट आहे. तीनचाकीचं निसटलेलं चाक बसवून, घंटी लावून, तेलपाणी करून दिलेली सायकल नव्या सायकलीइतकीच मिरवली जाते.

खेळणंच द्यायचं असेल तर

द्या की. काही वेळा द्यावंसं वाटतंच, आणि खेळण्याशी माझं वैर नाही. एकच बघा: हे खेळणं स्वतः किती करतं आणि मुलाला किती करू देतं? बटन दाबलं की नाचणारं माकड पहिल्या दिवशी बाजी मारतं आणि पाचव्या दिवशी टोपलीच्या तळाशी जातं. चेंडू, ठोकळे, ओढणी, बादली-फावडं यांचं तसं होत नाही. लाकडाचं हवं असेल तर सावंतवाडीच्या चितारआळीतली फळं-भाज्या किंवा कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेच्या रंगाची खेळणी बघा. पुण्यात तुळशीबागेत भातुकली अजून मिळते. पाच-सहा वर्षांच्या पुढच्या, खटपट करणाऱ्या मुलासाठी अरविंद गुप्तांच्या पद्धतीची खेळणी एकत्र बसून करावीत. 2018 मध्ये पद्मश्री मिळालेल्या या माणसाने काड्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, स्ट्रॉ आणि जुन्या कागदांतून शेकडो खेळणी केली आहेत, आणि त्यांच्या संकेतस्थळावर मराठीतही पुष्कळ साहित्य फुकट आहे. सामानाची पिशवी पन्नास रुपयांत होते. उरलेली भेट म्हणजे तुमचा रविवार.

मोठी वस्तू खरंच लागणार असेल, सायकल म्हणा किंवा अभ्यासाचं टेबल, तर वर्गणी काढा. चार नातेवाइकांनी पाचशे-पाचशे घातले तर चार खोक्यांऐवजी एक उपयोगी वस्तू येते. मात्र यात कुणीतरी एकाने पुढाकार घ्यायचा आणि खरेदीही त्यानेच करायची. "आपण सगळे मिळून काहीतरी करू" असा मेसेज टाकून गप्प बसलं की शेवटी सगळे वेगवेगळे डायनासोर घेऊन येतात.

पैसे द्यायचे तर सरळ आईवडिलांकडे द्या, आणि कशासाठी ते सांगून द्या. मुलगी दहा वर्षांच्या आत असेल तर तिच्या नावावर सुकन्या समृद्धी खातं आहे का विचारा. पोस्टात किंवा बँकेत आईवडील ते उघडतात, वर्षाला किमान 250 रुपये आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात. आजोबांनी दर वाढदिवसाला त्यात ठरावीक रक्कम घालणं हे मला 27 खोक्यांहून पटतं. मुलीला अर्थातच त्यात शून्य रस असतो, म्हणून तिच्यासाठी वेगळं काहीतरी लागतं.

उघडायला काहीतरी हवंच

सहल, वर्गणी, पैसे यांची अडचण हीच की कागद फाडायला काही मिळत नाही, आणि लहान मुलाला तर कागद फाडण्यातच निम्मा आनंद असतो. म्हणून न दिसणाऱ्या भेटीबरोबर हातात धरता येईल असं एक छोटंसं द्यायचं: प्राणिसंग्रहालयाच्या सहलीसाठी टोपी, स्टेशनसाठी ते पुठ्ठ्याचं तिकीट, मेथीसाठी झारी. कागदाऐवजी ओढणीत किंवा पंचात गाठ मारून बांधा. गाठ सोडण्यात वेळ जातो आणि कापड पुढे तंबू होतं. रिबीन मात्र विसरू नका, लाल असली तर उत्तम. तान्हं असेल तर ती लगेच उचलून ठेवायची, गळ्याभोवती जाऊ शकते.

तुम्ही आईवडील असाल तर

पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" छापून लोक ऐकत नाहीत, हे आपण दोनशे लग्नांत पाहिलंय. नकार देण्यापेक्षा वाट दाखवा. आमच्या वहिनीने चौथ्या वाढदिवसाला गटावर टाकलेला मेसेज जवळजवळ असा होता: "चिमीला सध्या कागद, खडू आणि गोष्टीची पुस्तकं पुरत नाहीत. काही आणावंसं वाटलंच तर यातलं काहीही आणा. खेळण्यांना मात्र आमच्याकडे आता खरंच जागा नाही!" सासूबाईंना आणि मोठ्या काकांना तिने हा मेसेज न पाठवता फोन केला, कारण वडीलधाऱ्यांना गटावरून सूचना गेली की भेट बाजूलाच राहते. 27 चे खोके 9 वर आले. डॉक्टर सेट एकच आला, तोही वहिनीच्याच ओळखीचा निघाला. तिने माळ्यावरून पुढे पाठवलेला फिरत फिरत परत आला होता.

आलेलं सगळं त्याच दिवशी फोडू नका. तीन-चार भेटी मुलासमोर ठेवा, बाकीच्या महिन्याला एक अशा बाहेर काढा. कुणी काय दिलं ते खोक्यावर पेन्सिलीने लिहून ठेवा, म्हणजे देणारा घरी आला की ती वस्तू बाहेर असते, आणि पुढे भेट फिरवताना ती त्याच्याच घरी जात नाही.

परदेशातून येणारे, परदेशात जाणारे

तिकडून येताना 23 किलोच्या बॅगेत निम्मी जागा खोक्यातल्या हवेला देऊ नका. खेळणी इथे सगळी मिळतात. तिकडच्या नातवंडांना पाठवायचं असेल तर मराठी चित्रपुस्तक आणि सोबत आजी-आजोबांच्या आवाजात तेच पुस्तक वाचून फोनवर ध्वनिमुद्रित करून पाठवा. पान उलटायच्या वेळी टाळी वाजवायची, म्हणजे मुलाला कळतं. माझ्या आईने असं एक पाठवलं. त्यात मध्येच कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या आणि ती म्हणाली, "अगं बंद कर तो." नातीला आता ते पुस्तक त्या वाक्याशिवाय वाचलेलं चालत नाही.